दिगंबरच्या फटफटीचे बोल्ट

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेतल्या एका डोंगरी रस्त्यावर होतं. रस्त्याच्या वळणावर आमचं फील्ड वर्कशॉप. पत्र्याच्या शेड, डिझेलची टाकी, जेवणाचा एक लंगर, बस्स. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. सुट्टीवर जळकोटला आलो की हायवेवरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी हमखास विचारायचं, "साहेब, किती मारले?" मी सांगायचो, "मारला एकबी न्हाय. बोल्ट मात्र लई काढले." लोक हसायचे. त्यांना वाटायचं, फौजी काहीतरी लपवतोय. लपवण्यासारखं काही नव्हतं. माझ्या नोकरीतला निम्मा वेळ अडकलेले बोल्ट काढण्यातच गेला.

त्या रस्त्यावर अर्धं वर्ष बर्फ आणि अर्धं वर्ष चिखल. गाड्या नाल्यातून जायच्या, ओल्याच उभ्या राहायच्या, वरून बर्फ धरायचा. मग बोल्ट आणि त्याच्या भोवतीचा धातू एकमेकांना असे धरून बसायचे, जशी सासरी निघालेली लेक आणि तिची आई. ओढाताण करून सुटत नाहीत. जोर लावला तर बोल्टाचं डोकं हातात येतं आणि धड आतच राहतं. नवा पोरगा वर्कशॉपमध्ये आला की पहिल्या आठवड्यात एक तरी बोल्ट तोडायचाच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मीही तोडले होते. त्यामुळे मी फारसा ओरडायचो नाही. म्हणजे ओरडायचो, पण जेवणाआधी विसरायचो.

सकाळी साडेपाचला पीटी, सातला फॉल-इन, मग कामाची वाटणी. दिवस मावळेपर्यंत पाने आणि हातोड्या. अशाच एका सकाळी फॉल-इनमध्ये एक सडपातळ पोरगा शेवटच्या रांगेत उभा दिसला. सिपाही, नवा, व्हेइकल मेकॅनिक.

"गाव?"

"ईट, उस्ताद. तालुका भूम."

जळकोट आणि ईट म्हणजे जिल्ह्याची दोन टोकं. गावाकडं असतो तर एकमेकांचं तोंडही पाहिलं नसतं. तिकडं मात्र पहिल्याच दिवशी भाऊबंद झालो. त्याचं नाव दिगंबर. आमच्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तसं तो मला म्हणाला, आणि पुढं त्याच्या घरचे सगळे मला उस्तादच म्हणायला लागले. माझ्या आईबापांनी ठेवलेलं नाव त्या घरात आजही कोणाला ठाऊक नसावं.

दिगंबरनं एकही बोल्ट तोडला नाही. हे मी कौतुकानं सांगतो आहे, पण तेव्हा मला त्याचा रागच यायचा. तो फार वेळ घ्यायचा. बोल्टाच्या डोक्यावर हातोडीनं हलके हलके ठोके द्यायचा. मग तो तापवायचा. मग खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून तापलेल्या बोल्टाच्या कडेला टेकवायचा. मेण वितळून आट्यांमध्ये उतरायचं. मग पाना लावून बोल्ट आधी किंचित आवळायचा, कारण आवळताना गंज तुटतो, आणि मगच सोडायचा. हे सगळं करून तो चहा प्यायला जायचा. मी म्हणायचो, "अरे, काम सोडून चहा कसला?" तो म्हणायचा, "मेणाला येळ द्यायचा असतो, उस्ताद. माझी आई खवा आटवताना अशीच बसती. घाई केली की करपतो."

त्याच्या घरी खव्याची भट्टी होती. सुट्टीवरून येताना तो खवा घेऊन यायचा, आणि त्या दिवशी आमच्या लंगरमध्ये दिवाळी असायची. पंजाबी, मद्रासी, बंगाली सगळे एका परातीत हात घालायचे.

आमच्या वर्कशॉपचा एक नियम इथं सांगून ठेवतो, कारण पुढं तो लागणार आहे. बोल्ट पूर्ण कसला की त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ मारायची. रेघ सरळ दिसली की समजायचं, बोल्ट जागचा हललेला नाही. रेघ नसेल तर कसणाऱ्यानं काम पुरं केलेलं नाही. माझ्या शेडमधून बिनरेघेचा बोल्ट बाहेर गेला की मी त्या जवानाला पळवायचो. दिगंबरला कधी पळवायची वेळ आली नाही.

संध्याकाळी बुखारीच्या शेगडीभोवती बसलो की तो त्याच्या फटफटीबद्दल बोलायचा. जुनी एकसिलिंडरची गाडी, कोणाकडून तरी मोडक्या अवस्थेत घेतलेली. सुट्टीत त्यानं तिचं इंजिन स्वतः उघडून बांधलं होतं आणि चालू झाल्यावर आधी सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला नेली होती. बायकोला मागं बसवून. तो सांगायचा, "मी कुठंबी गेलतो तरी गाडी फाट्यावर वळली की आईला कळतं. दारात येईस्तोवर चहा उकळत आसतो."

"फाट्यावर दिवसभर गाड्या वळतात. तुझीच कशी कळती?"

तो नुसता हसायचा. "ते आईलाच इचारा."

मला विचारायची संधी मिळाली, पण ती अशा वेळी मिळाली की विचारता आलं नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. तोवर दिगंबर शिपायाचा नायक झाला होता. दुपारी दोनच्या सुमारास वरच्या चौकीकडून वायरलेस आला. दरड कोसळून रस्ता अर्धा गेला होता. एक थ्री-टन ट्रक चिखलात रुतून आडवा झाला होता आणि त्याच्या मागं ॲम्ब्युलन्स अडकली होती. आत दोन आजारी जवान होते. अडकलेल्या गाड्या ओढणारी आमची रिकव्हरी गाडी तयारच असायची. मी खालच्या वळणावर ट्रॅफिक थांबवायला राहिलो. दिगंबर ड्रायव्हरला घेऊन वर गेला.

ट्रक ओढायचा तर आधी त्याच्या हुकची पिन काढून साखळी लावायची होती. पिन जाम होती. वायरलेसवर मी टायगर वन, तो टायगर टू.

"टायगर वन, टायगर टू. पिन जाम है. ओव्हर."

"टायगर टू, कितना टाइम? ओव्हर."

"पिन से पूछ के बताता हूँ, उस्ताद. ओव्हर."

हे ऐकून मी पावसात उभा राहून हसलो. मग बराच वेळ काही आलं नाही. मला दिसत नव्हतं, पण तो काय करत असेल ते कळत होतं. ठोकत असेल, थांबत असेल, पुन्हा ठोकत असेल. दरड वर लटकलेली असताना हे करायला छाती लागते.

"टायगर वन, पिन निकल गई. ट्रक सरक रहा है. ॲम्ब्युलन्स छोड रहा हूँ. ओव्हर."

"शाबाश. वापस आ जाओ. ओव्हर."

"रॉजर. आउट."

ॲम्ब्युलन्स माझ्यासमोरून खाली गेली. ड्रायव्हरनं हात केला. तिच्या मागं रिकव्हरी गाडी यायला हवी होती. त्याऐवजी डोंगराचा आवाज आला. दिगंबर साखळी गोळा करत होता, असं रिकव्हरी गाडीच्या ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. दरडीचा दुसरा भाग आला तो नेमका तिथंच. ड्रायव्हर केबिनमध्ये होता म्हणून वाचला. ॲम्ब्युलन्समधले दोघंही जगले. त्यातला एक पुढं आम्हाला भेटायला वर्कशॉपला आला आणि दिगंबरच्या रिकाम्या बेंचपाशी उभा राहून रडला. मी त्याला चहा दिला.

दिगंबरची शवपेटी घेऊन ईटला मी आलो. पेटी बंद होती आणि उघडायची नाही असा हुकूम होता. हुकूम बरोबरच होता, मी आत काय आहे ते पाहिलं होतं. दिगंबरची आई पेटीपाशी येऊन बसली. सावळी, ताठ बाई. मला म्हणाली, "उस्ताद, उघड." मी म्हणालो, "आई, उघडता येत न्हाय." तिनं लाकडावर हात ठेवला आणि मग उठून घराशेजारच्या पत्र्याच्या छपरात गेली. तिथं फटफटी उभी होती. सलामी होईपर्यंत ती त्या गाडीला टेकून बसली होती. तिनं पोराला पाहिलंच नाही, त्यामुळे तो गेला हे तिला कळलं होतं, पण पटलं नव्हतं. मला विचाराल तर मलाही पुरतं पटलेलं नाही.

घरात दोघीच उरल्या, आई आणि दिगंबरची बायको शालन. मूलबाळ नव्हतं. शालनवहिनींना माहेरच्यांनी बोलावलं, त्या गेल्या नाहीत. भट्टी चालू ठेवली. मी रिटायर होऊन जळकोटला आलो, शेती पाहू लागलो, गावातल्या मोटारी आणि पंप दुरुस्त करू लागलो. वर्षातून एकदा फोन व्हायचा. त्या ख्यालीखुशाली सांगायच्या आणि आई मागून ओरडायची, "उस्तादाला सांग, फटफटी जाग्यावर हाय."

दोन वर्षांमागं दिवाळी उलटल्यावर फोन आला, आणि या वेळी आईच बोलली.

"उस्ताद, डोळं तर गेलं. आता डावा कानबी गेला. डॉक्टर म्हणतो, उजवाबी ऱ्हायचा न्हाय. तो हाय तवर एकदा फटफटी वाजव."

"आई, लई वर्सं उभी हाय ती."

"तू फौजेत काय करीत हुतास मग?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हत्यारांची पेटी घेऊन निघालो.

छपरातली गाडी पाहिली. साइड स्टँडवर डावीकडं कललेली, टायर जमिनीला चिकटलेले. आणि इंजिनाच्या वरच्या भागावर हळदीकुंकवाचा असा जाड थर, की धातू दिसत नव्हता. शालनवहिनी म्हणाल्या, "खंडेनवमीला आई दरसाल पूजा करत्यात. हळद, कुंकू, आन् इंजिनावरच नारळ फोडत्यात."

"इंजिनावर?"

"व्हय. म्हणत्यात, त्याचा जीव इंजिनात हुता."

मी किक दाबून पाहिली. पाय जणू दगडावर ठेवला होता. पिस्टन आत चिकटलेला. म्हणजे इंजिनाचं हेड, वरचं झाकण, उघडून पिस्टन मोकळा करायचा, आणि हेड उघडायचं तर त्याचे चार बोल्ट काढायचे. त्यातला एक जरी आत तुटला तर हेड गेलं. हे हेड आता कुठं मिळत नाही. म्हणजे आईचा कान शाबूत असताना गाडी वाजणार की नाही, हे त्या चार बोल्टांवर होतं. मी तिला तसं सांगितलं. ती छपराच्या तोंडाशी बाजेवर बसली आणि उजवा कान माझ्याकडं केला.

डिझेलचा बोळा घेऊन कुंकू धुवायला लागलो. लाल पाणी ओघळू लागलं. पहिल्या बोल्टाचं डोकं दिसलं, आणि त्याच्यावर पिवळी रेघ.

त्यानं घरच्या गाडीलाही रेघा मारल्या होत्या. वर्कशॉपमधून थोडा रंग आणला असणार, बिनपरवानगी. रेघ सरळ होती. त्याच्या हातानं आवळल्यापासून बोल्ट केसभरही हलला नव्हता. तो फिरवायचा म्हणजे ती रेघ मोडायची. मला वाटलं, पेटी आवरावी आणि जळकोटला परत जावं.

"काय झालं रं?" आई म्हणाली. "हात का थांबला?"

"दिगूनं खूण केली हाय बोल्टावर."

"कसली?"

मी तिचं बोट धरून रेघेवरून फिरवलं. रंगाचा उंचवटा तिला लागला. तिनं दोनतीनदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरी मारलीया. आता काढ."

सगळी गाडी पुसून घेतली. जिथं जिथं बोल्ट, तिथं तिथं रेघ. फक्त मागच्या मडगार्डच्या पट्टीच्या एका बोल्टावर रेघ नव्हती, आणि तो ढिलाही होता. मी मनातल्या मनात म्हणालो, सापडलास बेट्या, इतक्या वर्षांनी सापडलास. पाना लावून तो कसून टाकला. बरं वाटलं. उस्तादाला शिष्याची एक तरी चूक मिळाली पाहिजे.

चारपैकी तीन बोल्ट संध्याकाळपर्यंत निघाले. सोपे नव्हते. ठोकायचं, डिझेल सोडायचं, थांबायचं. दिगंबरला मी ज्यासाठी हिणवायचो, तेच सगळं मी करत होतो, चहासकट. चौथा, डावीकडचा मागचा, हलेना. पाना लावला की नुसता पाना वाकायचा. अजून थोडा जोर दिला असता तर तुटला असता, हे हाताला कळत होतं. त्याच्याभोवती हिरवट पांढरा खार साचलेला होता. हेड ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा, आणि मध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं काहीतरी.

"का निघंना?" आईनं विचारलं.

मी फौजी माणूस. विचारलं की सांगून मोकळा होतो, आणि मग जीभ चावतो. "नारळाच्या पाण्यानं, आई. गाडी डाव्या अंगाला कलती हाय. सगळं पाणी ह्याच बोल्टाशी यिऊन मुरलं."

शालनवहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मग आई म्हणाली, "म्हंजी म्याच धरून ठिवला त्याला."

"तसं न्हाय, आई."

"तसंच हाय. खोटं बोलू नगंस, तुला जमत न्हाय." ती उठली, चाचपडत आत गेली आणि लगेच वळून दारातूनच म्हणाली, "धरला म्या, सोडायचाबी म्याच का? बघा काय करायचं ते."

सकाळी मी ब्लो-लॅम्प पेटवायला घेतला. शालनवहिनी भट्टीवर खवा आटवत होत्या. मोठ्या कढईत उलथनं फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, "दादा, त्या जाळानं बाकीचं तापायचं न्हाय का?"

तापणार होतंच. हेडच्या पातळ पाकळ्या वाकायची भीती मला रात्रभर होती.

"मग नुसता बोल्टच तापवा की." त्यांनी घराच्या कोपऱ्यातली जुनी पहार आणली आणि तिचं टोक भट्टीत खुपसलं. खवा उतरला तोवर टोक लालबुंद झालं होतं. ओलं पोतं गुंडाळून मी पहार धरली आणि लाल टोक बोल्टाच्या डोक्यावर टेकवलं. धूर निघाला. कुंकू, हळद, नारळ, सगळ्याचा जळका वास आला. पहार थंड झाली की वहिनी पुन्हा भट्टीत घालायच्या. असं बऱ्याचदा केलं. मग मी मेणबत्ती मागितली. बोल्टाच्या कडेला टेकवली, मेण वितळलं आणि आत दिसेनासं झालं.

"आता?" वहिनी म्हणाल्या.

"आता चहा."

त्या पहिल्यांदा हसल्या. "ह्येबी आसंच म्हणायचे."

आम्ही तिघं चहा प्यायलो. मग मी रिंग पाना लावला. आधी आवळायच्या बाजूला किंचित. काही नाही. हातोडीचे ठोके. पुन्हा किंचित. मला काहीच जाणवलं नाही, पण बाजेवरून आई म्हणाली, "सुटला."

"न्हाय, आई, अजून..."

"अरं, कट् वाजलं. म्या ऐकलं."

मी उलटा फिरवला. बोल्ट आला. एकेक आटा करकरत, कुरकुरत, पण आला. अख्खा आला. मी तो आईच्या हातात दिला. तिनं पदरात पुसला आणि मुठीत धरला.

पुढचं काम माझ्या सवयीचं होतं. डिझेल सोडून पिस्टन मोकळा केला, घासला, कार्ब्युरेटर धुतला, नवं ऑइल, नवं पेट्रोल, नवे टायर. हेड बसवून चारही बोल्ट कसले. पिवळा रंग नव्हता. आईनं विचारलं, "हळद चालंल का?" हळद तेलात कालवून मी चारही बोल्टांवर रेघा मारल्या.

किक मारली. बरेच प्रयत्न झाले, आणि मग इंजिन चालू झालं. दणदणीत. एका लयीत, कुठं फरफर नाही, खडखड नाही. वर्कशॉपमध्ये कमांडंटसाहेबांसमोर उभी करावी अशी. मी अभिमानानं आईकडं पाहिलं.

ती कान देऊन ऐकत होती. मग मान हलवली.

"आवाज चांगला हाय. पर ह्यो त्याचा न्हाय."

"आई, गाडी त्याचीच हाय. इंजिन तेच हाय."

"आसंल. पर ही दुसऱ्या कुणाची तरी वाजती. बंद कर."

मी बंद केली. खरं सांगतो, राग आला. इतकी मेहनत, आणि ही म्हणते बंद कर. मग रागाच्या खाली भीती वाटली. तिचा उजवाही कान गेला असेल का? मग आपण उशिरा आलो. मी पुन्हा चालू केली, स्लो केली, वाढवली. ती नाहीच म्हणत राहिली. शेवटी तोंड फिरवून बसली.

शालनवहिनी गाडीपाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "दादा, त्यांच्या गाडीत कायतरी खुळखुळायचं. मागून, माझ्या पायापाशी. मी म्हणायची, आवळा की त्ये. ते म्हणायचे, आवळलं तर आईला कसं कळंल मी आलो ते?"

मी मागच्या मडगार्डकडं पाहिलं. बिनरेघेचा बोल्ट. ज्यानं आयुष्यात एकही बोल्ट अर्धवट कसला नाही, त्यानं हा एकच ढिला ठेवला होता. चूक नव्हती ती. मी ज्याला पकडलं म्हणून खूश झालो होतो, तो त्याचा निरोप होता. फाट्यावरून घरापर्यंत पोचणारा.

पाना घेतला आणि बोल्ट दोन आटे सोडला.

छपरात चालू केली नाही. गाडी ढकलत रस्त्यावर नेली, चालू केली आणि फाट्यापर्यंत गेलो. तिथं वळवली. पट्टी मागं खुळखुळत होती, बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजावीत तशी. दोन्ही बाजूला ज्वारी हिरवीगार उभी होती. मला वाटलं, मागं कोणीतरी बसलंय. मी मान वळवली नाही.

दारात आलो तेव्हा आई बाजेवरून उठून उभी होती. चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं आणि शालनवहिनी तोंडाला पदर लावून चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी नंतर सांगितलं, गाडी फाट्यावर वळली तशी आई म्हणाली होती, "शालन, चहा ठीव. दिगू वळला."

मी इंजिन बंद केलं. गाडी स्टँडवर लावली. आईच बोलली.

"बस, उस्ताद. चहा घे." आणि मग, हळू आवाजात, "मला ठाऊक हाय, तू हायस त्ये. पर फाट्यापसनं दारापतूर तो हुता."

मी तिच्या पायाशी बसून रडलो. दिगंबरची पेटी घेऊन आलो तेव्हा मी रडलो नव्हतो, ड्युटीवर होतो. ती माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिली. "रड," म्हणाली, "माझं झालं रडून."

आता दर खंडेनवमीला मी ईटला जातो. नारळ बाजूच्या दगडावर फुटतो, इंजिनावर फक्त कुंकवाचं बोट. मी सगळे बोल्ट तपासतो, रेघ पुसट झाली असेल तर हळदीनं पुन्हा मारतो. वर्कशॉपच्या दारात एक दगड आहे, त्यावर कामावर असताना गेलेल्या जवानांची नावं आहेत. नायक दिगंबर शेवटून दुसरा. तिकडं त्याला दरसाल सलामी होते, बिगूल वाजतो. तो आवाज ईटपर्यंत येत नाही.

यंदा आईचा उजवा कानही गेला. तरी मी गाडी फाट्यावर नेतो आणि वळवून आणतो. दारात आलो की बंद करत नाही. वहिनी आईला धरून गाडीपाशी आणतात, आणि ती तळहात मागच्या मडगार्डवर ठेवते. पट्टी हाताखाली खुळखुळत असते. मग ती चहा ठेवायला सांगते.

त्या एका बोल्टावर मी रेघ मारलेली नाही.